गाडीतला वास

"घे, ठेव तुझ्याजवळ," अण्णा म्हणाले आणि गाडीच्या खिडकीतून त्यांनी एक पिशवी आत सरकवली.

हाशमला वाटलं, प्रसाद असेल. देवळातून आले की अण्णा त्याच्यासाठी पेढा आठवणीनं आणत. त्यानं पिशवीत हात घातला. हाताला थंडगार पत्रा लागला. अंगावर फवारायच्या सेंटचे दोन डबे होते आणि खाली एक साबणाची वडी.

"हे काय अण्णा?"

अण्णा त्याच्याकडे बघत नव्हते. चिंचोळीच्या त्यांच्या कारखान्याच्या फाटकातून टॉवेलच्या गाठी भरलेला टेम्पो बाहेर पडत होता, त्याच्याकडे त्यांचं लक्ष होतं, किंवा असल्यासारखं ते दाखवत होते.

"उन्हाचे दिवस हायत. घाम येतोच की माणसाला. सकाळी निघताना मारत जा अंगावर. आनि दोन टाइम आंघोळ करत जा जरा."

"करतो की मी."

"करतोस रे. मी कुटं न्हाय म्हणलं? पण घरात आता नवीन माणूस आलंय. पुण्याची पोरगी हाय. तिला सवय न्हाय."

कसली सवय, हे हाशमनं विचारलं नाही आणि अण्णांनी सांगितलं नाही. ते ऑफिसची पायरी चढून आत गेले. काच लावलेलं दार त्यांच्यामागे सावकाश बंद झालं. पिशवी हाशमच्या मांडीवर तशीच राहिली. त्याचे कान तापले होते.

चोपन्न वर्षांचा होता हाशम. त्यातली बावीस वर्षं सिद्धाप्पाअण्णांची गाडी चालवण्यात गेली होती. अण्णा दुधनीहून सोलापुरात आले तेव्हा पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचे चार माग होते आणि एक जुनी जीप होती. त्या जीपवर हाशम लागला. मागांचे चाळीस झाले, जीप जाऊन एकामागून एक तीन गाड्या आल्या. ड्रायव्हर तोच राहिला. अण्णांचा मुलगा युवराज शाळेत जायचा तो त्याच्या गाडीतून आणि लग्नाच्या मांडवात गेला तोही त्याच्याच गाडीतून. चार वर्षांपूर्वी अण्णांची बायको, अक्का, शेवटच्या आजारात होती. दवाखान्याची लिफ्ट बंद पडली होती. तेव्हा हाशमनं तिला दोन्ही हातांवर उचलून दोन मजले चढवलं होतं. अक्काचं डोकं त्याच्या छातीवर टेकलेलं होतं. त्या दिवशी त्याच्या सदऱ्याला कसला वास येतो, हे कुणी विचारलं नव्हतं.

वासाचं हे प्रकरण सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. गाडीत कसला तरी कुबट, सडका वास यायचा. हाशमला स्वतःलाही यायचा. त्यानं पायपुसण्या धुतल्या, सीटखाली हात घालून पाहिलं, डिकी रिकामी करून उन्हात उघडी ठेवली. काही सापडलं नाही. मग एकदा युवराजची बायको अंकिता मागच्या सीटवर बसून फोनवर बहिणीशी बोलत होती. ती आवाजही न लपवता म्हणाली, "अगं, एसी लावला की मळमळायला लागतं मला. ड्रायव्हरचाच वास असणार. त्यांच्या घरात काय काय शिजतं, तेच कपड्यांना बसत असेल ना."

हाशम तिच्यापासून दीड हातावर होता. समोर सिग्नल लाल झाला होता. त्यानं ब्रेक दाबला, आणि जरा जास्तच जोरात दाबला गेला.

अण्णांनी आपल्या परीनं चौकशी केली होती. गाडी शोरूमला पाठवली. तिथल्या निळ्या टी-शर्टातल्या माणसानं डॅशबोर्डवर लिंबाच्या वासाची एक डबी चिकटवून दिली. "ब्लोअरची हवाबी वर्षभर कमी येतीय," हाशमनं त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "काका, गेल्या महिन्याच्या सर्व्हिसिंगला एसीचा फिल्टर नवीन टाकलाय. बिलात बघा. दरवर्षी बदलतो आम्ही." बिल खरंच तसं होतं. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं. कागद सांगत होता, गाडी स्वच्छ आहे. मग राहिला माणूस.

आणि गाडीच्या एकाही स्क्रूला हाशमनं हात लावायचा नव्हता. जुन्या जीपचं इंजिन त्यानं रस्त्यात उघडून बसवलेलं अण्णांनी पाहिलं होतं. पण या गाडीच्या बाबतीत त्यांची ताकीद होती. शोरूमशिवाय कुणी काही उघडायचं नाही, वॉरंटी जाते.

त्या संध्याकाळी भवानी पेठेतल्या घरी हाशम शिरला तेव्हा जाहिदा शिवणयंत्रावर टॉवेलच्या कडा मारत होती. ते तिचं घरबसल्याचं काम होतं. त्यानं पिशवी कोपऱ्यात टाकली. जाहिदानं मशीन थांबवलं, पिशवी उघडली, एक डबा बाहेर काढून उलटासुलटा पाहिला.

"ये क्या है?"

"अण्णांनी दिलंय."

तिला एवढ्यावरून सगळं कळलं. गेले दहा दिवस हा माणूस तिच्या मागे लागला होता. कपडे नीट धूत जा. माझा सदरा दोन पाण्यांतून काढ. फोडणी देताना मधलं दार लावून घे. मच्छी आणू नको. कांदा कमी घाल. एकदा तर धुतलेला सदरा नाकाशी धरून त्यानं तिच्या अंगावर फेकला होता. "कशी धुतेस गं तू?" म्हणाला होता. ती तेव्हा गप्प बसली होती, कारण कशानं तरी तो आतून पोळलाय हे तिला दिसत होतं. आता मात्र तिनं डबा फरशीवर आदळला.

"और तुम लेके आए?" ती म्हणाली. "उसके मुँह पे मारना था! सत्ताईस साल हो गए, तुम्हारे कपडे मैं धोती. मेरेकूच बोलते रहे तुम. मैं गंदी, मेरा चूल्हा गंदा, हमारा घर गंदा!"

"मी तसं बोललो का?"

"बोले नै, सिर्फ सदरा फेके!"

हाशमनंही आवाज चढवला. मग काय करू, नोकरी सोडू का, असं काहीतरी ओरडला. नाजनीन आतून आली. ती त्यांची एकुलती मुलगी, रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये कामाला. दिवसभर नमुन्यांत डोकं घालून तिला एक सवय लागली होती. कुणी काही म्हटलं की आधी चार प्रश्न विचारायचे.

"अब्बा, ओरडू नका. एक सांगा. वास कधी येतो?"

"येतो म्हंजे येतो."

"तसं नाही. तुम्ही गाडीत बसल्याबसल्या येतो, की एसी चालू केल्यावर?"

हाशम बोलता बोलता थांबला. सकाळी गाडी काढताना येत नाही. काचा उघड्या ठेवून पेट्रोल भरायला जातो तेव्हा येत नाही. अण्णा बसतात, काचा चढतात, एसी लागतो आणि मिनिटाभरात...

"एसी लावल्यावर," तो म्हणाला.

"तुम्ही तर एसीच्या आधीपासून गाडीत असता. मग तुमचा कसा?"

एवढं साधं होतं. पंधरा दिवसांत ते ना अण्णांच्या डोक्यात आलं, ना शोरूमवाल्याच्या, ना त्याच्या स्वतःच्या. कारण त्यानं स्वतःच मान्य करून टाकलं होतं की वास आपलाच असणार. चौघांनी नाक मुरडलं आणि बावीस वर्षांचा ड्रायव्हर साबण घेऊन नळाखाली जाऊन बसला! या विचारानं त्याला स्वतःचाच असा संताप आला की त्यानं पालथी मूठ भिंतीवर मारली.

नाजनीननं फोनवर त्याच गाडीचा एक व्हिडिओ काढून दिला. कुठल्यातरी माणसानं आपल्या घराच्या अंगणात दहा मिनिटांत एसीचा फिल्टर बदलून दाखवला होता. ना पाना लागला, ना पेचकस. हाशमनं तो चार वेळा पाहिला.

दुसऱ्या दिवशी तो गौसच्या स्पेअर पार्टच्या दुकानात गेला. गौस त्याच्याच आळीतला, लहानपणापासूनचा. त्यानं गाडीचं नाव विचारलं आणि फळीवरून एक चपटं खोकं काढलं.

"शोरूमनं गेल्या म्हयन्यात नवीन टाकलाय म्हणं," हाशम म्हणाला.

"टाकला आसंल, नसंल," गौस म्हणाला. "कप्प्याच्या मागं असतोय तो. कोण बघायला जातंय? तू उघडून बघ. जुन्याच्या कडंला तारीख छापलेली असती, तेवढी वाच."

रविवारी दुपारी अण्णांच्या बंगल्यात सामसूम होती. युवराज आणि अंकिता माहेरच्या कुणाकडे तरी गेले होते, अण्णा जेवून आडवे झाले होते. गाडी धुतो म्हणून हाशम आला आणि पोर्चमध्ये त्यानं गाडीचं डावं दार उघडलं. ऊन असं होतं की फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नव्हता. तो गुडघ्यांवर बसला.

डॅशबोर्डचा कप्पा त्यानं रिकामा केला. अण्णांच्या गोळ्या, गाडीचे कागद, चष्म्याचं घर, सगळं सीटवर ओळीनं मांडलं. कप्प्याच्या दोन्ही कडा तळहातांनी आत दाबल्या. खट्ट आवाज झाला आणि कप्पा खाली लोंबला. एका बाजूला बारीक दोरी अडकवलेली होती, ती नखानं सोडवली. मागे जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढं एक काळं झाकण दिसलं, दोन्ही टोकांना चिमटे असलेलं. त्यानं फोनचा उजेड पाडला. चिमट्यांवर धूळ जशीच्या तशी होती. बोटाचा एक ठसा नव्हता. गेल्या महिन्यात तर नाहीच, इथे कधीच कुणाचा हात आला नव्हता.

चिमटे दाबून झाकण काढलं मात्र, वास भस्सकन अंगावर आला. तोच. पंधरा दिवस जो त्याच्या नावावर होता तो.

फिल्टर अडकून बसला होता. हाशमनं दोन बोटं घालून तो हलवत हलवत ओढला, तसा तो फसकन बाहेर आला आणि त्याच्याबरोबर भुगा सांडला. गौसच्या खोक्यातला फिल्टर पांढराशुभ्र होता, कागदाच्या घड्या घातल्यासारखा. हा काळा ठिक्कर. घड्यांत कारखान्यातला तीन वर्षांचा तंतू न् तंतू भरला होता. गाडी रोज उभी राहायची ती सुताचा टाकाऊ माल ठेवायच्या शेडला लागून. तिथून ओढून आणलेल्या गुलाबी, हिरव्या धाग्यांचं एक घरटं फिल्टरवर बांधलेलं होतं. घरट्यात एक उंदीर मरून पडला होता. वाळत आलेला. पाय पोटाशी घेतलेले.

हाशम धावत बागेतल्या नळापाशी गेला. तोंडावर पाणी मारून तो परत आला, अंगठ्यानं फिल्टरची कड पुसली. तारीख उमटली. महिना आणि साल गाडी घेतली तेव्हाचं. कंपनीतून आलेला मूळचा फिल्टर होता हा. दरवर्षी कागदावर बदलला गेलेला.

त्याला वाटलं, असंच वर जावं, अण्णांच्या उशाशी हे नेऊन ठेवावं. त्यांनी डोळे उघडले की समोर हे दिसावं. दोनदा तो पायरीपर्यंत गेला. दोन्ही वेळा परत आला. झोपेतून उठवून ओरडलं असतं तर ओरडणंच तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं असतं.

मग त्यानं काम पुरं केलं, कारण अर्धं सोडायची त्याला सवय नव्हती. ब्रशनं आतली खोबण झाडली, फिनेलच्या पाण्यात फडकं पिळून चारदा पुसली, कोरडी होऊ दिली. नवीन फिल्टरच्या कडेला बाण छापलेला होता, त्याचं तोंड खाली राहील असा तो आत सरकवला. झाकण, चिमटे, दोरी, कप्पा. अण्णांच्या गोळ्या होत्या तशा परत ठेवल्या. गाडी सुरू करून ब्लोअर सोडला, तर वर्षभर न आलेली हवा झोत मारून आली, आणि त्या हवेला कशाचाही वास नव्हता. लिंबाची डबी त्यानं उचकटून कचऱ्यात फेकली. जुना फिल्टर, घरटं, उंदीर असं सगळं रंगाच्या एका रिकाम्या डब्यात घालून झाकण ठोकलं आणि डबा डिकीत ठेवला.

घरी आला तेव्हा जाहिदाचं मशीन चालू होतं. चार दिवस दोघं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होते. हाशम तिच्यासमोर स्टुलावर बसला.

"चूहा था," तो म्हणाला. "एसी में. मरेला."

जाहिदानं मशीन थांबवलं नाही.

एक अख्खा टॉवेल शिवून झाला. तिनं दुसरा घेतला. हाशमच्या तोंडाशी शब्द येत होता आणि परत जात होता. किती साधा शब्द, आणि जीभ कशी जड होते! मगरिबची अजान झाली. तो नमाज पढून आला, परत त्याच स्टुलावर बसला.

"मेरी गलती थी," तो म्हणाला. "सदरा फेकना नहीं था. तेरेकू बोलना नहीं था."

मशीन थांबलं. जाहिदानं दातानं धागा तोडला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज कोरडाच होता.

"कल मच्छी लाऊं?"

"ला," हाशम म्हणाला.

सोमवारी सकाळी अण्णांना दुधनीला जायचं होतं. चुलतभावाच्या नातीचं बारसं होतं. युवराजला कारखान्यात काम होतं, म्हणून मागच्या सीटवर अण्णा आणि अंकिता दोघंच. काचा चढल्या, एसी लागला. अक्कलकोट रस्त्याला वळसंग मागे पडलं तेव्हा अंकिता म्हणाली, "बाबा, आज वास नाहीये! तुमच्या लक्षात आलं का?"

अण्णांनी दोनदा खोल श्वास घेतला.

"न्हायच की!" ते खूश होऊन म्हणाले. "मी तुला म्हणलं न्हवतं? हाशम ऐकणारा माणूस हाय. त्याला नीट सांगितलं की तो करतोय. काय हाशम? दोन टाइम आंघोळ, सेंट. बघ, किती फरक पडला!"

हाशमनं इंडिकेटर दिला, गाडी रस्त्याच्या कडेला कडुलिंबाखाली घेतली आणि बंद केली.

"काय झालं? पंक्चर काय?"

"दोन मिनटं खाली उतरा अण्णा. वहिनी, तुमीबी."

त्याच्या आवाजात असं काही होतं की दोघंही उतरले. त्यानं डिकी उघडली, डबा जमिनीवर ठेवला, चावीनं झाकण उचकटलं.

अंकितानं झटकन ओढणी तोंडावर घेतली. "शी! हाच! हाच वास होता!"

"व्हय वहिनी. हाच हुता," हाशम म्हणाला. "एसीच्या फिल्टरवर मरून पडला हुता. काल मी काढला, सोता नवीन टाकला. तुमी गाडीला हात लावू नको म्हणला हुता अण्णा, मी लावला. आनि सेंटचं म्हणाल तर त्ये डबं फोडलेबी न्हाईत मी. घरात हायत तसंच हायत."

"पण शोरूमनं तर..." अण्णा वाकले. "बिल हाय की आपल्याकडं. फिल्टर बदललाय."

"तारीख वाचा."

अण्णांनी चष्मा लावला. तारीख वाचली. त्यांचा चेहरा खालून वर लाल होत गेला. आणि त्यांनी फोन काढला.

असे भडकलेले अण्णा हाशमनं पूर्वी क्वचितच पाहिले होते. शोरूमच्या मॅनेजरला त्यांनी रस्त्यात उभं राहून सोलून काढलं. चोर म्हणाले, लबाड म्हणाले. "तीन वर्षं फसवलं तुमी मला! माझ्या सुनेला त्रास झाला, गाडीत बसता येत न्हवतं तिला!" फोन स्पीकरवर होता. पलीकडचा माणूस अजीजीनं बोलत होता. सॉरी सर. आमची चूक झाली सर. मी स्वतः माफी मागतो सर, आज संध्याकाळी घरी येऊन मागतो. तीन वेळा त्यानं माफी मागितली. हाशमनं तीनही वेळा ऐकली.

अण्णांनी फोन खिशात टाकला, कपाळ पुसलं. त्यांचं समाधान झालेलं दिसत होतं.

"चला. उशीर होतोय बारशाला. फेक ते तिकडं."

अंकिता जागची हलली नव्हती. तिनं ओढणी तोंडावरून खाली घेतली. "सॉरी हं काका," ती म्हणाली. "मी काहीतरीच बोलले. मला खरंच माहीत नव्हतं." गर्दीत कुणाच्या पायावर पाय पडल्यावर म्हणावं तसं ती ते म्हणाली, पण त्याच्याकडे बघून म्हणाली.

"आसू द्या वहिनी," हाशम म्हणाला. ती गाडीत जाऊन बसली.

हाशम तसाच उभा राहिला.

"अण्णा, आनि तुमी?"

"मी काय?"

"तुमीबी कायतरी बोला की."

"आता बोललो की! झाडला का न्हाय त्याला? संध्याकाळी घरी येतोय नाक घासत."

"त्याला न्हाय अण्णा. मला."

रस्त्यावरून उसाचा एक ट्रॅक्टर धडधडत गेला. अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला. मग कानडीत म्हणाले, "होगली बिडो, हाशम." जाऊ दे, सोड. अवघड काही आलं की अण्णा कानडीत शिरत. बावीस वर्षांत हाशमलाही ती भाषा कळायला लागली होती.

"न्हाय सोडत," तो मराठीतच म्हणाला. "पंधरा दिवस मी माझ्या बायकोला घालून पाडून बोललो. तिनं धुतलेला सदरा तिच्या अंगावर फेकला. मला वाटलं, तुमी म्हणताय म्हंजे आसंल. तुमी एवढ्या वर्षांचं वळखीचं. काल मी तिची माफी मागितली अण्णा. जीभ झडली न्हाय माझी."

"तू मला शिकवतोस व्हय रे?" अण्णांचा आवाज चढला. "काय वाईट केलं मी? साबण दिला, सेंट दिला. चार लोकांत सांगितलं न्हाय, बाजूला घेऊन सांगितलं. दुसऱ्यानं हाकलून दिला असता!"

अक्काचं नाव हाशमच्या ओठांवर आलं होतं. दवाखान्याचे ते दोन मजले आले होते. त्यानं ते गिळलं. एकदा उचललेलं माणूस भांडणात खाली ठेवायचं नाही, एवढं त्याला कळत होतं.

त्यानं डबा उचलला, नाल्यापलीकडच्या उकिरड्यात रिकामा केला, बाटलीच्या पाण्यानं हात धुतले आणि गाडी सुरू केली. गाडी दुधनीला पोचली. बारसं झालं. हाशमला नेहमीसारखं पंगतीत बोलावणं आलं, त्यानं पोट बरं नाही म्हणून सांगितलं. मधल्या रस्त्यात सवारी सोडून जाणं त्याच्या रक्तात नव्हतं. नाहीतर तिथूनच त्यानं एसटी धरली असती.

साडेचारला गाडी बंगल्यात लागली. अंकिता आत गेली. हाशमनं गाडीला फडकं मारलं, काचा पुसल्या, दाराच्या कप्प्यातला आपला कंगवा, तसबीहची माळ आणि पाण्याची बाटली काढून घेतली. व्हरांड्यात अण्णा खुर्चीवर बसले होते. त्यानं चावी त्यांच्या समोरच्या टेबलावर ठेवली.

"उद्या सकाळी सहाला ये," अण्णा म्हणाले. "पुण्याला जायचंय."

"दुसरा माणूस बघा अण्णा."

अण्णांना कळायला वेळ लागला.

"एवढ्याशा गोष्टीवरनं? बावीस वर्षं झाली रे!"

"व्हय. बावीस वर्षं झाली."

"पगार वाढवून पायजे का तुला? तसं सांग की सरळ."

सकाळपासून आवरून धरलेला राग हाशमच्या डोळ्यांत आला. क्षणभर त्याला वाटलं, आता आपण या माणसाला काहीतरी असं बोलू की दोघांनाही जन्मभर विसरता येणार नाही. त्यानं हात पाठीमागे एकात एक घट्ट धरले.

"एक शब्द पायजे हुता," तो म्हणाला. "तुमच्याकडं न्हाय तो. येतो मी."

फाटकापर्यंत तो चालत गेला. मागून हाक येते का, म्हणून त्यानं कान दिला नाही असं म्हणता येणार नाही. हाक आली नाही. खुर्ची करकरल्याचा आवाज तेवढा आला, आणि तोही थांबला.

सात रस्त्याला त्यानं भवानी पेठेकडे जाणारी शेअर रिक्षा धरली. बावीस वर्षं या वेळेला तो स्टिअरिंगमागे असायचा. रिक्षात मागे, तिघांत कोंबून बसायची सवय राहिली नव्हती. एका अंगाला भाजीची पिशवी मांडीवर घेतलेली बाई होती, दुसऱ्या अंगाला चष्मेवाला एक म्हातारा. उघड्या बाजूनं गरम वारा आत येत होता. जाहिदाला काय सांगायचं, ते तो मनात जुळवत होता. ती ओरडणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. नाजनीन प्रश्न विचारील.

पुढे कचऱ्याची गाडी चालली होती. रस्ता उकरलेला, त्यामुळे रिक्षा तिच्या मागोमाग गोगलगायीसारखी सरकत होती. शेजारच्या बाईनं पदर नाकाला लावला. म्हाताऱ्यानं रुमाल काढला. रिक्षावाल्यानंही गळ्यातला टॉवेल तोंडावर ओढून घेतला.

हाशमनं कोपर पोटाशी घेतलं. खांदे आवळले. बाईला आपला सदरा लागू नये म्हणून जितकं अंग आखडता येईल तितकं त्यानं आखडलं.

कचऱ्याची गाडी पुढच्या चौकात उजवीकडे वळून गेली. बाईनं पदर खाली घेतला, म्हाताऱ्यानं रुमालाची घडी करून खिशात ठेवली, आणि रिक्षा वेगानं निघाली. भवानी पेठ येईपर्यंत हाशम तसाच अंग चोरून बसला होता.